मूल हवे आहे? तयारी दोघांची हवी

नागपूर : लग्नाला वर्ष होत नाही तोच 'काही विशेष?' अशी विचारणा सुरू होते. संक्रांतीचे हळदीकुंकू असो की महालक्ष्म्यांचे जेवण, हा प्रश्न विचारला जातो तो सुनेलाच. दिवस जाण्यास उशीर झाला की डॉक्टरकडे तिलाच पाठविले जाते. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी आणि उपासतापासही तिच्याच वाट्याला येतात. नवऱ्याची साधी वीर्यतपासणी होईपर्यंत कधीकधी दोन-तीन वर्षे निघून गेलेली असतात. वस्तुतः मूल न होण्यामागील कारण सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडे आढळते. कधी केवळ त्याच्याकडे, तर कधी दोघांकडेही. म्हणूनच अपत्याचा विचार मनात येताच दोघांनी मिळून तयारीला लागणे हिताचे. ही तयारी खर्चिक नाही आणि अवघडही नाही.

किती वाट पाहावी?

दोघेही तरुण आणि निरोगी असले तरी एका महिन्यात गर्भधारणा होण्याची शक्यता साधारण २० ते २५ टक्केच असते. त्यामुळे पहिल्या दोन-तीन महिन्यांत पाळी आली म्हणून निराश होण्याचे कारण नाही. शंभरांपैकी ऐंशीहून अधिक जोडप्यांना वर्षभरात दिवस जातात. बारा महिने नियमित संबंध ठेवून आणि कोणतेही गर्भनिरोधक साधन न वापरूनही गर्भधारणा झाली नाही, तरच जागतिक आरोग्य संघटना त्यास वंध्यत्व म्हणते. या संघटनेच्या २०२३ मधील अहवालानुसार जगातील दर सहा व्यक्तींपैकी सुमारे एकीला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. तेव्हा हे कोणा एका घराचे दुर्दैव नव्हे.

वर्षभर थांबण्याचा हा नियम पस्तिशीच्या आतील स्त्रियांसाठी आहे. स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो आणि पस्तिशीनंतर त्यांची संख्या व गुणवत्ता वेगाने घटते. त्यामुळे पस्तिशी ओलांडली असल्यास सहा महिन्यांनी, तर चाळिशी ओलांडली असल्यास लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पाळी फार अनियमित असणे, पूर्वी क्षयरोग किंवा पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेली असणे, पुरुषाला गालगुंडात वृषणाला सूज आलेली असणे अथवा लहानपणी वृषण खाली न उतरलेले असणे, यांपैकी काहीही असेल तर वय कितीही असले तरी थांबू नये. क्षयरोगाने गर्भनलिका बंद होणे हे आपल्या देशातील वंध्यत्वाचे एक महत्त्वाचे कारण आहे.

कोणते दिवस महत्त्वाचे?

पाळीच्या चक्रातील मोजके दिवसच गर्भधारणेस अनुकूल असतात, हे जपानी डॉक्टर क्युसाकू ओगिनो यांनी १९२४ मध्ये दाखवून दिले. मूल हवे असलेल्या जोडप्यांना मदत व्हावी, हा त्यांचा हेतू होता. पुढे जगाने त्यांचे गणित प्रामुख्याने मूल टाळण्यासाठी वापरले, हा भाग वेगळा.

हे गणित समजण्यास सोपे आहे. स्त्रीबीज पुढील पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी बाहेर पडते आणि १२ ते २४ तासच जिवंत राहते. शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणून बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, असे सहा दिवस महत्त्वाचे ठरतात. पाळी सुरू झाल्याचा दिवस पहिला मानल्यास २८ दिवसांच्या चक्रात हे दिवस साधारण नववा ते चौदावा, तर ३२ दिवसांच्या चक्रात तेरावा ते अठरावा असे येतात. 'चौदावा दिवस' सर्वच स्त्रियांना लागू पडतो, हा समज त्यामुळे चुकीचा आहे. या दिवसांत योनीतील स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक आणि चिकट होतो. घरच्या घरी लघवी तपासून बीज बाहेर पडण्याची पूर्वसूचना देणाऱ्या पट्ट्याही औषधांच्या दुकानात मिळतात. सकाळचे तापमान मोजण्याची पद्धत जुनी आहे. परंतु तापमान वाढते ते बीज बाहेर पडल्यानंतर, म्हणजे त्या महिन्यापुरता उशीर झालेला असतो.

दिनदर्शिकेवर खुणा करीत बसणे ज्यांना तणावाचे वाटते, त्यांनी पाळी थांबल्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवावेत. तेवढ्याने अनुकूल दिवस आपोआप साधले जातात. 'ताकद साठविण्यासाठी' आठवडेच्या आठवडे संबंध टाळण्याने लाभ होत नाही.

आधीच्या तीन महिन्यांतील तयारी

गर्भाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो. त्या वेळी अनेकींना दिवस गेल्याची जाणीवही झालेली नसते. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी गर्भधारणेपूर्वी किमान एक महिना सुरू करून पहिले तीन महिने चालू ठेवावी. मधुमेह, फेफरे असल्यास अथवा आधीच्या बाळात मज्जारज्जूचा दोष आढळला असल्यास मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. हिमोग्लोबिन, रक्तातील साखर, रक्तदाब आणि थायरॉईड तपासून घ्यावे. रुबेलाची लस घेतलेली नसल्यास ती आताच घ्यावी व त्यानंतर एक महिना गर्भधारणा टाळावी. नेहमीची औषधे डॉक्टरांना दाखवावीत. ती मनाने बंद करू नयेत. वजन अधिक आणि पाळी अनियमित असेल, तर वजनात पाच-दहा टक्के घट झाली तरी पाळी पुष्कळदा रुळावर येते.

नवऱ्याची तयारीही तितकीच महत्त्वाची. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणजे आज सोडलेल्या व्यसनाचा लाभ अडीच-तीन महिन्यांनी दिसतो. सिगारेट आणि मद्य तर सोडावेच, पण नागपुरात पानठेल्यागणिक घोटला जाणारा खर्राही सोडावा. त्यातील तंबाखू शुक्रजंतूंना अपाय करते. व्यायामशाळांत शरीर कमावण्यासाठी घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉन किंवा स्टेरॉईडची इंजेक्शने शुक्रजंतूंची निर्मिती जवळजवळ थांबवू शकतात, हे अनेक तरुणांना ठाऊकच नसते.

विदर्भाने विसरू नये अशी तपासणी

नागपूरच्या रुग्णांतील सिकलसेलची नोंद डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केली. विदर्भातील आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही इतर मागासवर्गीय समाजांत या आजाराचे प्रमाण अधिक असले, तरी रक्ततपासणी प्रत्येक जोडप्याने करावी. वाहक, म्हणजे 'एएस' पॅटर्नची व्यक्ती सहसा पूर्ण निरोगी दिसते. परंतु पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळ 'एसएस', म्हणजे सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के असते. 'पहिले मूल ठीक आहे, आता भीती नाही' हा हिशेब येथे चालत नाही. प्रत्येक वेळी शक्यता तेवढीच राहते.

सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी सकारात्मक आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने वाहक की रुग्ण हे निश्चित होते. शासकीय रुग्णालयांत ही सोय उपलब्ध आहे. दोघेही वाहक असल्याचे आधी कळले, तर समुपदेशन घेता येते आणि गर्भधारणेनंतर सुमारे अकराव्या आठवड्यापासून गर्भाची तपासणीही करता येते. गर्भारपणात उशिरा कळल्यास निर्णयासाठी हाताशी कमी वेळ उरतो.

पहिली भेट दोघांनी मिळून

डॉक्टरांकडे जाताना मागील पाच-सहा पाळ्यांच्या तारखा व जुने अहवाल सोबत न्यावेत. वीर्यतपासणी स्वस्त आणि वेदनारहित आहे; दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांनुसार शुक्रजंतूंच्या संख्येची खालची मर्यादा दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख आहे. एक अहवाल कमी आला म्हणून खचू नये. साधारण तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा केली जाते. हा अहवाल हाती येण्यापूर्वी पत्नीवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया करण्याची घाई नसावी.

पुढे टेस्ट ट्यूब बेबीचा सल्ला मिळालाच, तर २०२१ च्या कायद्यानुसार केंद्राची नोंदणी आहे का, हे आधी पाहावे. या कायद्यान्वये उपचारांसाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. 'मुलगाच होईल' असे सांगून औषध देणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नये. बाळाचे लिंग पित्याच्या शुक्रजंतूवरून ठरते, कोणत्याही पुडीने नव्हे; आणि लिंगनिवड १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी सुनेला एकटीला दवाखान्यात धाडण्याऐवजी मुलालाही सोबत पाठविले, तरी निदानातली कितीतरी वर्षे वाचतील.