एकत्र निवडणुका आणि उरलेली मुदत

राज्यघटनेंत दुरुस्ती होऊंच नये, असा आमचा आग्रह नाहीं. घटनाकारांनींच ३६८ व्या कलमांत दुरुस्तीची वाट आंखून दिली आहे, आणि पहिली दुरुस्ती १९५१ सालींच झाली. पाहावयाचें तें इतकेंच कीं, साध्य चांगलें असलें तरी साधनहि निर्दोष आहे काय ? या दृष्टीनें १७ डिसेंबर २०२४ रोजीं लोकसभेंत मांडल्या गेलेल्या व पुढें संयुक्त समितीकडे सोंपविलेल्या एकशेंएकोणतिसाव्या दुरुस्तीच्या विधेयकाविषयीं आमचें मत येथें देत आहों.

लोकसभेच्या व विधानसभांच्या निवडणुका एकाच वेळीं व्हाव्या, हें या विधेयकाचें साध्य. एका मांडवांत दोन मुंजी उरकणें काटकसरीचें खरें. १९५१-५२ पासून १९६७ पर्यंतच्या चार निवडणुका बहुतेक ठिकाणीं अशा एकत्रच झाल्या होत्या. निवडणूक आली कीं शिक्षक मतदानाच्या कामावर जातात व वर्ग ओस पडतात. ही हानि आम्हीं शाळेंत असतां पुष्कळ पाहिली आहे.

परंतु खरा दोष पुढेंच आहे. सभागृह मुदतीपूर्वीं विसर्जित झाल्यास नवें सभागृह पांच वर्षांसाठीं नव्हे, तर उरलेल्या मुदतीपुरतेंच निवडावें, असें विधेयक सांगतें. एखाद्या राज्यांत चौथ्या वर्षाच्या अखेरीस सरकार कोसळलें, तर मतदारानें अवघ्या एका वर्षाकरितां मत द्यावयाचें आणि वर्षानें पुनः रांगेंत उभें राहावयाचें ! मग खर्च वांचला कोठें ? आणि वर्षभराच्या सरकारनें कोणतें दूरदृष्टीचें काम हातीं घ्यावें ?

१९७६ सालीं बेचाळिसाव्या दुरुस्तीनें लोकसभेची मुदत सहा वर्षांची केली; १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनें ती पुनः पांचांवर आणावी लागली. मुदत वाढविणें हें जसें मतदाराच्या अधिकारावर अतिक्रमण, तसेंच ती आंखडणें हेंहि होय, असें आम्हांस वाटतें.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. जर्मनीच्या १९४९ च्या घटनेप्रमाणें, उत्तराधिकारी निवडल्यावांचून लोकसभागृहास चॅन्सेलरवर अविश्वास दाखवितां येत नाहीं. असें बंधन आपल्याकडे घातल्यास अवेळीं विसर्जनाचे प्रसंग नाहींसे झाले नाहींत, तरी कमी खास होतील.

विधेयकाचा मसुदा मोजक्या पानांचा आहे. वाचकांनीं तो एखाद्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांतील वडीलधाऱ्यांसह व नव्या मतदारांसह वाचावा, आणि मगच अनुकूल किंवा प्रतिकूल मत बनवावें, अशी आमची विनंति आहे.