घोड्याचा सुजलेला पाय : ओळख व उपचार

घोड्याची किंमत त्याच्या पायांवर ठरते. सारंगखेड्याच्या यात्रेंत जाणता खरेदीदार चारही पाय हातानें चांचपल्यावांचून पैसे मोजीत नाहीं. परंतु तोच घोडा घरीं आल्यावर त्याचा पाय सुजला, तर ‘मुरगळला असेल’ असें म्हणून लेप चोपडून दोन-तीन दिवस वाट पाहिली जाते. या दिरंगाईनेंच पुष्कळदां जनावर कायमचें अधू होतें. म्हणून सुजेचे तीन प्रकार मालकास ओळखतां आले पाहिजेत.

पहिला प्रकार पाय भरून येण्याचा. घोड्याच्या गुडघ्याखालीं मांस जवळजवळ नसतें. तेथील रक्त व लसिका वर चढविण्यास चालण्याची मदत लागते. त्यामुळें तबेल्यांत उभ्या राहिलेल्या घोड्याचे, बहुधा दोन्ही मागचे, पाय सकाळीं भरलेले दिसतात. सूज थंड असते, घोडा लंगडत नाहीं व फिरविल्यावर ती उतरते. यास औषध नको. विसाव्याच्या दिवशीं चंदी कमी करावी व घोड्यास थोडें फिरवावें.

दुसरा प्रकार जंतुदोषाचा. यांत बहुधा एकच पाय, विशेषतः मागचा, रातोरात दुपटी-तिपटीनें सुजतो. तो हातास गरम लागतो, स्पर्श होतांच घोडा पाय ओढून घेतो व त्यावर भार देत नाहीं. मांडीच्या आंतल्या बाजूस कधीं दोरीसारखी फुगलेली लसवाहिनी लागते. निरोगी घोड्याचें गुदद्वारांतील उष्णमान सुमारें ९९ ते १०१.५ अंश फॅरनहाइट असतें. या विकारांत तें १०३ च्या वर जातें. कांटा, नालाचा खिळा किंवा पावसाळी चिखलानें खुरावर पडलेल्या भेगा यांतून जंतु आंत शिरतात. जखम इतकी बारीक असते कीं पुष्कळदां ती सांपडतही नाहीं.

येथें त्याच दिवशीं पशुवैद्यास बोलवावें. उशीर झाल्यास कातडी सडते, लसवाहिन्या कायमच्या बिघडून पाय जाड राहतो व विकार उलटतो. शिवाय सर्व भार दुसऱ्या पायावर पडून त्याच्या खुरास दाह होण्याचें भय असतें. जंतुनाशक औषध सांगितलेले सर्व दिवस द्यावें. सूज उतरली म्हणून मध्येंच सोडूं नये. वेदनाशामक औषध आपल्या मनानें वाढवूं नये, त्यानें पोटांत व्रण होतात. धनुर्वाताची लस टोंचली नसल्यास तसें पशुवैद्यास सांगावें, कारण घोड्यास हा रोग फार लवकर होतो.

घरीं करावयाचें तें असें : दिवसांतून तीन-चार वेळां १५ ते २० मिनिटें थंड पाण्याची धार पायावर सोडावी व नंतर पाय कोरडा करावा. जखमेभोंवतालचे केस कापावे. एक लिटर पाणी उकळून निववावें, त्यांत ९ ग्रॅम मीठ घालून जखम धुवावी. चंदी बंद करून गवत-कडब्यावर ठेवावें. ताप उतरून घोडा पाय टेकूं लागला म्हणजे पशुवैद्याच्या सल्ल्यानें हातीं धरून थोडथोडा चालवावा. बिब्बा घालणें, डाग देणें, चीर पाडणें किंवा दोरीनें आवळून बांधणें हीं कृत्यें कटाक्षानें टाळावीं.

तिसरा प्रकार सर्वांत घातक. पायावर लसवाहिनीच्या ओळीनें गांठी उठून त्या फुटूं लागल्या, मधासारखा चिकट पू वाहूं लागला, अथवा नाकांतून घाण स्राव येऊं लागला, तर तो ग्लँडर्स असण्याचा संभव आहे. दुसऱ्या कांहीं रोगांतही अशा गांठी येतात, परंतु निवाडा तपासणीशिवाय होत नाहीं. ग्लँडर्स माणसांसही होतो व वेळेवर उपचार न झाल्यास प्राण घेतो. सन २००६ मध्यें महाराष्ट्रांतच, पुणें व पांचगणी येथें, त्यानें पुन्हां डोकें वर काढलें होतें. अशा घोड्यास तत्काळ वेगळें बांधावें, उघड्या हातानें पू पुसूं नये व सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें. सन २००९ च्या कायद्यानें अशी वर्दी देणें मालकास बंधनकारक आहे. रक्ताची तपासणी हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रांत होते. रोग ठरल्यास जनावर नष्ट करावें लागतें, आणि या भीतीनेंच कित्येकजण तें लपवितात. परंतु त्यायोगें इतर घोडीं व खरारा करणारा आपलाच माणूस संकटांत सांपडतो.

तेव्हां खरारा करतांना रोज सायंकाळीं चारही पायांवरून हात फिरवावा व तबेल्यांत एक तापमापक जवळ ठेवावा.