दोन, दहा, आठ, सात

2008 च्या जानेवारीत कुर्ल्याच्या माशांच्या बाजारातून मी दोन डिस्कस आणले. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या, बाहेरून वर्तमानपत्र गुंडाळलेले. मुलुंडपर्यंत लोकलमध्ये त्या मांडीवर धरून बसलो होतो. एक निळसर, एक तांबूस. विक्रेता म्हणाला होता, "साहेब, जोडी आहे, बिनधास्त न्या." डिस्कसमध्ये नर कोण आणि मादी कोण हे अंडी घालायच्या वेळेपर्यंत बाहेरून खात्रीने सांगता येत नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हते.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच होती. नऊ घनफूट, म्हणजे हिशेबाने 255 लिटर. वाळू, लाकडाचा ओंडका आणि वर सोडलेली जागा वजा केली की पाणी जेमतेम 200 लिटर उरायचे. त्यात मी हौसेने रोटाला, वॅलिसनेरिया आणि अ‍ॅमेझॉन स्वोर्ड लावले होते. हिरव्या झुडपांत तबकडीसारखे दोन मासे संथ फिरताहेत, एवढेच चित्र डोळ्यांपुढे होते.

ते चित्र आठवडाभर टिकले. मग निळ्याने तांबड्याला कोपरा धरायला लावला. दाणे पडले की निळा आधी धावून जायचा, तांबडा हीटरच्या मागे डोके खाली करून उभा राहायचा. त्याचा रंग काळवंडत गेला. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. रोज शाळेतून आली की सांगायची, "बाबा, तो आजही काळाच आहे." पाचव्या आठवड्यात तो गेला. मला खरा धक्का बसला तो त्यानंतर. एकटा उरलेला निळा, ज्याने सारी टाकी जिंकली होती, तोच फिल्टरच्या नळीमागे लपू लागला. खोलीत कुणी आले तरी काचेवर आपटायचा.

डिस्कस हा कळपाचा मासा आहे. कळपात उतरंड असते, आणि उतरंडीतल्या वरच्याने खालच्याला टोचणे हा रोजचा व्यवहार असतो. दोघेच असतील तर सगळे टोचणे एकाच अंगावर येते. सहा असतील तर एकमेकांसमोर येण्याच्या जोड्या पंधरा होतात, मार वाटला जातो, सर्वांत खालच्यालाही जेवायला उसंत मिळते. 'किती ठेवायचे' या प्रश्नाला खालची मर्यादा असते ती या कारणाने, आणि पाण्याचा हिशेब करताना नेमकी तीच विसरली जाते.

विक्रेत्याने नंतर हेच त्याच्या पद्धतीने सांगितले. "कमी ठेवलेत म्हणून मारामारी झाली. जास्त टाका." मी दहा टाकले.

ही 2009 ची गोष्ट. अडीच इंचांची दहा पिल्ले, एकाच घाण्यातली. पहिले तीन महिने इतके सुंदर होते की पाहुणे टीव्हीकडे पाठ करून बसायचे. दहाही एकत्र वळत, एकत्र दाण्याला येत. पण वाढत्या पिल्लांना दिवसातून चार वेळा खायला लागते आणि जेवढे खाणे तेवढी घाण. कोळंबी, पालक आणि लसणाचा लगदा करून मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवायचो. तो पाण्यात पडला की तासाभरात काचेवर चिकट साय धरायची. पाणी आठवड्यातून तीनदा बदलत होतो तोवर निभावले. त्या वर्षी पाऊस लांबला, मुंबईत पाणीकपात झाली. घरी पिण्याचे हंडे मोजून भरले जात असताना माशांसाठी बारा-बारा बादल्या ओतणे मला जमेना, आणि पटेनाही. बदल आठवड्यातून एकदावर आला.

पुढचे क्रमाने घडत गेले. नायट्रेटच्या चाचणीची नळी नारिंगीवरून गडद लाल झाली. पानांच्या कडांवर काळे शेवाळ केसांसारखे धरले. डिस्कससाठी पाणी 30 अंशांवर ठेवले होते, त्यात रोटाला विरघळून गेला. कुजलेली पाने पुन्हा पाण्यातच सडली. डिसेंबरपर्यंत सहा मासे उरले, साडेतीन इंचांवर खुंटलेले, अंगाच्या मानाने डोळे मोठे. डिस्कसची वाढ पहिल्या वर्षात खुंटली की पुढे भरून निघत नाही. ते सहाही मी एका जाणत्या पाळणाऱ्याकडे पोचवले आणि टाकीत फक्त झाडे ठेवली.

तेव्हा सर्वत्र सांगितला जाणारा एक नियम होता, अजूनही आहे: मोठ्या डिस्कसला माशी दहा अमेरिकन गॅलन, म्हणजे साधारण 38 लिटर पाणी. माझ्या 200 लिटरला त्या नियमाने पाचच मासे येत होते. मी दहा टाकले ते लहान होते म्हणून. पूर्ण वाढलेला डिस्कस सहा इंचांचा होतो आणि संख्या ठरवायची ती त्या दिवसासाठी. दुकानातली पिशवी पाहून ठरवली की चुकतेच.

नुसती झाडे असलेली ती दोन वर्षे मी या माशाबद्दल वाचण्यात घालवली. योहान नाटरर याने ब्राझीलमधून पाठवलेल्या नमुन्यांवरून व्हिएन्नाच्या योहान याकोब हेकेल याने 1840 साली या माशाला सिम्फिसोडॉन डिस्कस हे नाव दिले. हौशी लोकांच्या टाक्यांत तो आला विसाव्या शतकात. पुढे जर्मनीत एडुआर्ड श्मिट-फोके आणि अमेरिकेत जॅक वॉटली यांनी पिढ्यामागून पिढ्या निवडून निळे, फिरोजी वाण तयार केले. नंतर पेनांग, सिंगापूर, हाँगकाँग आणि थायलंडच्या शेतांमधून त्यांचा पूर आला. आपल्याकडच्या दुकानांतले बहुतेक डिस्कस त्याच वंशाचे.

या माणसांच्या पैदाशीच्या टाक्या कशा होत्या हे समजले तेव्हा मला त्या नियमाचा उगम कळला. तळ उघडा, वाळू नाही, झाड नाही, एक स्पंज फिल्टर, आणि रोज पाणी बदल, कित्येकदा निम्म्याहून जास्त. माशी 38 लिटर हे तिथले गणित. तिथे शिल्लक अन्न पाइपने दोन मिनिटांत ओढून काढता येते. झाडांच्या टाकीत तेच अन्न मुळांत आणि वाळूत शिरते. आकडा तोच, पण लिटर तो नव्हे.

उलट्या बाजूला ताकाशी अमानो. 1982 साली जपानमध्ये कंपनी काढून त्यांनी पाण्याखालच्या बागेचे जे शास्त्र उभे केले, त्यात तापमान 25 अंशांच्या आसपास, भरपूर उजेड, कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा आणि लहान माशांचे थवे. ती बाग झाडांसाठी आहे. तिच्यात 30 अंशांचा मासा बसवायचा म्हणजे दोघांनाही थोडे मागे सरकावे लागते. 25 अंशांना पाण्यात प्राणवायू लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळू शकतो, 30 अंशांना साडेसात. रात्री झाडेही तोच प्राणवायू वापरतात. म्हणजे उष्ण, दाट झाडीच्या टाकीत पहाटे चार वाजता माशांच्या वाट्याला किती उरतो, यावर संख्येची वरची मर्यादा ठरते. दिवसा सगळे छान दिसते, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही. मी त्या दिवसांत पहाटे उठून बॅटरी मारून बघायचो.

आणि जंगलात? रिओ नेग्रोच्या काठी हा मासा कोरड्या ऋतूत पाण्यात पडलेल्या झाडांच्या फांद्यांच्या गुंत्यात मोठ्या घोळक्याने राहतो. तिथले पाणी चहासारखे, आम्लधर्मी, आणि त्या गडद सावलीत पाणवनस्पती जवळजवळ नसतात. आपण ज्याला नैसर्गिक देखावा म्हणतो तो डिस्कसच्या घराशी जुळत नाही. त्याला हवी असते सावली, उभ्या फांद्या आणि पळायला मोकळी जागा. त्याच नदीवरच्या बार्सेलोस गावी दरवर्षी शोभेच्या माशांचा उत्सव भरतो, त्यात गावचे दोन गट समोरासमोर येतात. एक कार्डिनल टेट्राचा, दुसरा डिस्कसचा. आमच्या घरच्या टाकीत हे दोन्ही गट गुण्यागोविंदाने नांदतात, कारण कार्डिनलला 28-29 अंशांची ऊब मानवते.

2012 साली नवी टाकी केली. पाच फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. बारा मिलिमीटरची काच. वीस घनफूट, 566 लिटर. या वेळी मी आधी रिकाम्या जागेत बादलीने मोजून पाणी भरले: वाळू, लाकूड, झाडे जाता 450 लिटर. वजन सगळे मिळून सहाशे किलोंच्या पुढे, म्हणून तुळईवरच्या भिंतीला लावून. झाडे बदलली. अनुबियास आणि जावा फर्न लाकडाला बांधले, मागे स्वोर्ड, पुढे क्रिप्टोकोरीन. क्रिप्टोकोरीनची एक जात, रेट्रोस्पायरॅलिस, आपल्या कोकणातल्या ओढ्यांत वाढते. पण ती तिथेच राहू द्यावी, दुकानातली रोपवाटिकेची घ्यावी. समोरची तीन फूट जागा मुद्दाम उघडी ठेवली. पाणी 28.5 अंशांवर.

नियमाने अकरा-बारा मासे मावले असते. मी आठ घेतले, चार-साडेचार इंचांचे, एकाच दिवशी, एकाच ठिकाणाहून. गणित उलट्या टोकाने केले होते: मला आठवड्यातून दोनदा, दर वेळी दीडशे लिटर पाणी बदलता येते. तेही आमच्याकडे सकाळी नळाला पाणी असते त्या वेळात, आदल्या दिवशी पिंपात क्लोरीन उडवून ठेवून. तेवढ्या बदलात नायट्रेट काबूत राहील इतकेच मासे ठेवायचे. मुंबईचे पाणी तलावांतले, मृदू, ही आमची मोठी सोय. बोअरचे जड पाणी असलेल्या गावांत हे काम दुप्पट अवघड होते. काढलेले पाणी सोसायटीच्या झाडांना जाते. गेल्या बारा वर्षांत खालचा मोगरा कधी कोरडा पडला नाही.

संख्या बरोबर आहे का, हे विचारायचे कुणाला? माशांनाच. डिस्कसच्या अंगावर साधारण नऊ उभे पट्टे असतात. मासा निवांत असला की पुसट, घाबरला की गडद. मुलीने त्याचे कोष्टकच केले होते: सकाळी किती माशांचे पट्टे दिसतात, जेवताना किती, दिवा गेल्यावर किती. पहिल्या महिन्यात आठांपैकी चौघांचे दिसत, तिसऱ्या महिन्यात एकाचे. म्हणून माझे मत असे की पहिल्यांदाच डिस्कस पाळणाऱ्याने पिजन ब्लड हा लाल-पांढरा थाई वाण घेऊ नये. त्याच्या अंगावर ते पट्टे उमटतच नाहीत. मासा दुःखात असतो आणि आपल्याला फक्त रंग दिसतो.

2014 च्या फेब्रुवारीत दोघांनी डावा कोपरा ताब्यात घेतला आणि स्वोर्डच्या रुंद पानावर अंडी घातली. उरलेले सहा टाकीच्या दुसऱ्या अर्ध्यात कोंबले गेले. ज्या संख्येला 450 लिटर पुरत होते तिला एका रात्रीत सव्वादोनशे उरले. जोडी जमली की संख्येचा हिशेब पुन्हा करावा लागतो, हे मला कुणी सांगितले नव्हते. ती जोडी मी वेगळ्या टाकीत हलवली. तिथे त्यांची पुढची पिल्ले आई-बापाच्या अंगावरचा चिकट स्राव टोचून खाताना पाहिली. दोघेही पाळीपाळीने अंग पुढे करत. पक्षी चोचीतून भरवतो, गाय पान्हा सोडते, त्या रांगेतला हा मासा आहे. 2010 साली प्लिमथच्या संशोधकांनी दाखवले की त्या स्रावातली प्रथिने पिल्लांच्या काळात वाढतात आणि साधारण तीन आठवड्यांनी आई-बाप पिल्लांपासून दूर होऊ लागतात. आमच्याकडे अठरा दिवसांनी बाप तोंड फिरवू लागला.

टाकीत सहा राहिले आणि ती सर्वांत चांगली वर्षे ठरली. ती मीच बिघडवली. 2016 मध्ये एका दुकानात गडद फिरोजी डिस्कस दिसला आणि सहाचे सात करायला मी तो थेट टाकीत सोडला. चार आठवडे वेगळा ठेवायला हवा होता. दहाव्या दिवशी सगळे मासे काळे पडून एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे राहिले, अंगावरून साय सुटायला लागली. पत्नी रात्री दोन वाजता माझ्याबरोबर पाणी ओतत होती. एवढेच म्हणाली, "अहो, सहा पुरे होते ना?" नवा मासा आणि जुन्यांतला एक गेला.

पाच उरले. ती विषम संख्या वाईट नव्हती, पण खालच्या मर्यादेवर होती. एखादा गेला तरी घडी विस्कटेल, ही धास्ती कायम असायची. 2020 च्या टाळेबंदीत दुकाने बंद झाली तेव्हा हा तोकडा कळपच उपयोगी पडला. फ्रीजरमधला लगदा अर्धा करून पुरवला, दिवसातून एकदाच दिला, आणि पाचही तगले. दहा असते तर तगले नसते.

2021 मध्ये चार नवी पिल्ले आणली. पाच महिने उघड्या तळाच्या टाकीत वाढवली, साडेचार इंचांची झाल्यावर जुन्या पाचांत सोडली. सोडण्याच्या दिवशी लाकडे आणि झाडे हलवून सर्वांचे कोपरे मोडून टाकले, म्हणजे जुन्यांची हद्दच उरली नाही. नऊ झाले, हे मला ठाऊक होते, आणि जुने म्हातारे होत आहेत हेही. 2022 मध्ये 2012 च्या कळपातले दोघे एका महिन्याच्या अंतराने गेले. दहा वर्षे आमच्या घरात राहिले. आकडा सातावर आला आणि मी तिथेच थांबवला.

पाळायची इच्छा असणाऱ्यांनी मला किती ठेवू असे विचारले, तर मी आधी विचारतो की आठवड्याला किती बादल्या पाणी बदलाल, आणि ते मे महिन्यातही जमेल का. झाडे असलेल्या चार फुटी टाकीत पाच, पाच फुटीत सात. एकदम आणा, एकाच ठिकाणाहून आणा. चार फुटांहून लहान टाकी असेल तर कार्डिनलचा थवा ठेवा, डिस्कस ठेवू नका.