बॅटरीचा उपयुक्त साठा किती?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत ई-रिक्षाचा विषय निघाला. दोघींनी मिळून कर्ज काढायचं, शाळेच्या वेळेत आणि बाजाराच्या दिवशी गाडी चालवायची, असा बेत होता. विक्रेत्यानं सांगितलं होतं, "एका चार्जिंगमध्ये ९५ किलोमीटर आरामात." त्यावर विश्वास ठेवून वहीत रोजचे ९० किलोमीटर धरले आणि हप्ताही त्याच हिशेबानं बसवला.

तेवढ्यात मागे बसलेली एक ताई बोलली. तिची गाडी वर्षभरापासून सुरू आहे. "काऊन वो ताई, माही गाडी त सत्तरच्या वर जातच नाही. बॅटरी खराब हाय का?"

मी तिची गाडी आणि चार्जिंगची वही पाहिली. बॅटरी ठीक होती, हिशेबच चुकीचा होता. आज तोच हिशेब आपण समजून घेऊ.

आपल्या सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण सगळ्यांनी पाहिलं आहे. पावसाळ्यात पेपरात येतं, उपयुक्त साठा इतका दलघमी. धरण पूर्ण भरलं की हा उपयुक्त साठा ५६४ दलघमी होतो. पण धरणात पाणी त्याहून जास्त असतं. कालव्याच्या तोंडाच्या खाली जे पाणी राहतं, ते कालव्यात येत नाही. त्याला मृत साठा म्हणतात. पाणी डोळ्यांना दिसतं, पण संत्र्याच्या झाडाला मिळत नाही.

बॅटरीचंही असंच आहे. पेटीवर लिहिलेला आकडा म्हणजे एकूण साठा. गाडी चालते ती उपयुक्त साठ्यावर.

आता वही-पेन घ्या. बॅटरीवर १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास असं लिहिलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार करा, १२०० वॅट-तास आले. रिक्षात अशा चार बॅटऱ्या असतील तर ४८०० वॅट-तास, म्हणजे लाइट बिलाच्या भाषेत ४.८ युनिट. समजा गाडीला किलोमीटरमागे ५० वॅट-तास लागतात. ४८०० भागिले ५०, उत्तर ९६ किलोमीटर. विक्रेत्याचे ९५ आले ते इथून. त्यानं धरण तळापर्यंत कोरडं केलं!

शिशाची, म्हणजे आपल्या इन्व्हर्टरला असते तशी पाणी टाकायची बॅटरी तळापर्यंत वापरली, तर आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर घट्ट बसतो आणि ती लवकर मरते. ८० टक्के वापरली तर ७७ किलोमीटर मिळतात. बॅटरी जास्त दिवस टिकावी म्हणून निम्मीच वापरली तर ४८. शिवाय पेटीवरचा आकडा बहुधा २० तासांत हळूहळू वीज काढली तर किती मिळेल, याचा असतो. रिक्षात सहा सवाऱ्या बसवून चढावर गाडी ओढली की वीज भराभर खेचली जाते आणि एकूण हाती कमी येते. म्हणून त्या ताईचे सत्तर किलोमीटर अगदी बरोबर होते.

लिथियमच्या बॅटरीत आतच एक राखणदार बसवलेला असतो. त्याला बीएमएस म्हणतात. तो बॅटरी फार भरू देत नाही आणि पार रिकामीही होऊ देत नाही. चार्जिंगवर आणि पेट्रोलवर, दोन्हींवर चालणाऱ्या मोटारी असतात, त्यांना प्लग-इन हायब्रिड म्हणतात. अमेरिकेत २०१० च्या शेवटी शेवरोले व्होल्ट नावाची अशी गाडी आली. तिची बॅटरी १६ युनिटची होती, पण गाडी त्यातले साधारण १० युनिटच वापरायची. उरलेले कंपनीनं मुद्दाम राखून ठेवले होते, बॅटरी बरीच वर्षं टिकावी म्हणून.

म्हणजे राखून ठेवलेला साठा ही फसवणूक नाही, ते बॅटरीचं आयुष्य आहे. एकूण साठ्यावर किलोमीटर सांगणं ही मात्र फसगत आहे. आणि शिशाच्या बॅटरीत राखणदार नसतो. तिथं राखणदार आपणच.

आणखी एक गोष्ट. दरवर्षी उपयुक्त साठा थोडा घटतो. धरणात गाळ साचतो तसं समजा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तो आणखी लवकर घटतो. लिथियमची ५ युनिटची बॅटरी नवी असताना ९० किलोमीटर देत असेल, तर साठा ८० टक्क्यांवर आल्यावर ७२ देईल. कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राहतो.

समजा खर्च वजा जाता किलोमीटरमागे ८ रुपये हाती पडतात. वहीत ९० किलोमीटर, रस्त्यावर ७०. रोजचे १६० रुपये कमी, महिन्याच्या २५ दिवसांचे ४००० रुपये. हप्ता थकतो तो असा. राज्य शासनाच्या पिंक ई-रिक्षा योजनेत २० टक्के रक्कम शासन देतं, १० टक्के आपण घालतो, पण ७० टक्के बँकेचं कर्जच असतं. योजना कोणतीही असो, हा हिशेब आधी करा.

गाडी घेण्याआधी विक्रेत्याला चार प्रश्न विचारा. बॅटरी शिशाची की लिथियमची? एकूण युनिट किती आणि वापरायला मिळणारे किती? हमी किती वर्षांची, आणि साठा किती टक्क्यांखाली गेल्यावर बदलून देणार? नवी बॅटरी आज किती रुपयांना पडते? उत्तरं कागदावर, सही-शिक्क्यासह घ्या.

शक्य असेल तर एक दिवस गाडी चालवून पाहा. पूर्ण चार्ज करा, नेहमीइतक्या सवाऱ्या बसवा, आपल्याच रस्त्यानं न्या. काटा २० टक्क्यांवर आला की किलोमीटर लिहा. तोच आपला खरा आकडा. हप्ता बसवताना त्यातलेही पाचात एक कमी धरा, पुढच्या वर्षांसाठी.

गाडी घेतल्यावर ती रिकामी करून रात्रभर तशीच ठेवू नका. उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, सावलीत थंड होऊ द्या. शिशाच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच टाका, नळाचं नको. चार्जिंग मोकळ्या हवेत करा, चुलीजवळ कधीच नको, कारण तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. लिथियमची पेटी घरी उघडू नका. आणि रोजच्या कमाईतून थोडे पैसे नव्या बॅटरीसाठी गटात वेगळे जमा करा.

त्या दोघींनी बेत सोडला नाही. वहीतले ९० खोडून ६० केले, कर्जाची मुदत वाढवून मागितली आणि बॅटरीसाठी वेगळी बचत सुरू केली. गाडी अजून यायची आहे, पण हिशेब आता खरा आहे.

तुमच्या गटात असा विचार सुरू असेल, तर पुढच्या बैठकीत हा गुणाकार-भागाकार सगळ्यांसमोर करा. येते मी. नमस्कार.