आधी पाणी, मग आग

ब्रह्मपुरीच्या गल्लीत घंटागाडी थांबते, तेव्हा ओला आणि सुका कचरा मन लावून वेगळा करणारी घरेही एका गाठोड्यापाशी अडतात. रात्रभर बाळाने भिजवलेले डायपर कोणत्या डब्यात टाकायचे? ते ओले आहे, पण कुजत नाही. सुक्यात टाकावे, तर कचरा निवडणाऱ्या बाईच्या हाताला विष्ठा लागते. पुढे ते ढिगावर पडले की कुत्री फाडतात, आणि जंगलाला लागून असलेल्या झाडीपट्टीत गोष्ट तिथेच संपत नाही. कुत्र्यांच्या मागावर बिबट गावाच्या कडेला येतो. कुणी पालापाचोळ्याबरोबर काडी लावली, तर डायपर जळत नाही, दिवसभर धुमसते.

ते का धुमसते हे कळले की ते जाळणारी भट्टी कशी हवी हेही कळते. डायपरचे आवरण पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिथिलीनचे असते. आत लाकडाचा पिंजलेला लगदा आणि सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे दाणे असतात. हे दाणे आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून त्याचा लिबलिबीत गोळा करतात. कोरडे डायपर चांगले जळण आहे, कारण त्यातल्या प्लास्टिकपासून किलोमागे दहा हजार किलोकॅलरींच्या आसपास उष्णता मिळते. वापरलेल्या डायपरचे बहुतेक वजन मात्र लघवीचे असते. एक लिटर पाण्याची वाफ करायला सहाशेहून जास्त किलोकॅलरी लागतात. ती वाफ भट्टीच्या साडेआठशे अंशांपर्यंत तापवायची, तर हिशेब हजारावर जातो.

ही उष्णता पुरवायला भट्टीत टाकाऊ तेल जाळायचे; इथे त्याचे काम सुरू होते. किलोभर तळणीच्या तेलात सुमारे नऊ हजार किलोकॅलरी असतात. म्हणजे कागदावर एक किलो तेल नऊ लिटर पाण्याला पुरते. धुराड्यातून निघून जाणारी आणि विटांनी शोषलेली उष्णता वजा केली, तर त्याहून बरेच कमी. भट्टीतले तेल मुख्यतः डायपरमधले पाणी उडवण्यात खर्च होते.

चांगल्या भट्टीला दोन कप्पे असतात. पहिल्यात कचरा जळतो, दुसऱ्यात त्याचा धूर. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी पहिल्या कप्प्याला किमान 800 अंश सेल्सिअस, दुसऱ्याला 1050 अंश (50 अंश कमी-अधिक) तापमान ठरवून दिले आहे. दुसऱ्या कप्प्यात वायू निदान दोन सेकंद राहिला पाहिजे आणि धुराडे किमान 30 मीटर उंच हवे. डायपरच्या भट्टीलाही हीच कसोटी लावावी. तेल आधी गाळायचे, तापवून पातळ करायचे, दाबाच्या हवेने त्याचा फवारा करायचा. भट्टी पुरती तापल्यावरच पहिले डायपर आत टाकायचे, आणि तेही थोडे थोडे. गार भट्टीत गच्च भरले की काळा धूर ठरलेलाच.

न दिसणारा धोका त्याहून मोठा. लघवीत मीठ असते, मिठात क्लोरीन. धूर 200 ते 450 अंशांच्या टप्प्यात रेंगाळला, तर राखेच्या कणांवर डायॉक्सिन हे विषारी संयुग तयार होऊ शकते. म्हणून तो झपाट्याने थंड करावा लागतो. मीठ 801 अंशांवर वितळते. दाण्यांतल्या सोडियमचा सोडा होतो, तो 851 अंशांवर. ही वितळलेली राख विटांना चिकटते आणि वेळीच खरवडली नाही तर भट्टीचा घास घेते.

तेलही कोणतेही चालत नाही. आलूबोंड्याच्या कढईतले तेल तुलनेने स्वच्छ असते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार 1 जुलै 2018 पासून त्यातली ध्रुवीय संयुगे 25 टक्क्यांवर गेली की ते तळायला वापरता येत नाही. गॅरेजमधले जळके ऑइल, जे आपण वाळवी लागू नये म्हणून खांबांना फासतो, त्यात जस्त, फॉस्फरस आणि झिजलेल्या इंजिनाचे धातू असतात. ते जाळले की धातू नाहीसे होत नाहीत, राखेत नाहीतर हवेत जातात. धोकादायक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ते अधिकृत पुनर्शुद्धीकरणाकडेच गेले पाहिजे. त्यामुळे भट्टीचे जळण कढईचे हवे, गॅरेजचे नको.

नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने हैदराबादच्या एका संशोधन केंद्राबरोबर सॅनिटरी पॅडसाठी ‘ग्रीनडिस्पो’ हे 800 अंशांवर चालणारे छोटे यंत्र घडवले. डायपर त्या पॅडहून जड आणि कितीतरी ओले, म्हणून त्याची भट्टी त्याच मापाची करता येणार नाही. जपानमधल्या होकी गावाने आणखी एक वाट धरली. तिथे वापरलेली डायपर वाळवून, निर्जंतुक करून त्यांच्या जळणाच्या गोळ्या करतात. म्हणजे त्यांनीही पाण्यालाच आधी हात घातला.

पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने याहून साधी गोष्ट मागितली: असा कचरा कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. 2016 च्या घनकचरा नियमांनीही डायपर नीट गुंडाळून द्यायला सांगितले होते, आणि त्यासाठी पिशवी पुरवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली होती. कोणत्याही भट्टीच्या आधी कुणाचा तरी हात असतो, आणि त्या हाताला आत काय आहे ते उघडण्याआधी कळले पाहिजे.

म्हणून मला वाटते, ब्रह्मपुरीसारख्या गावाने दवाखान्यादवाखान्यात कचरा जाळणारे धुरकट पिंप बसवू नये. आजूबाजूच्या गावांनी मिळून एकच भट्टी चालवावी, तिच्या तापमानाची नोंद रोज लोकांना दिसेल अशी लावावी आणि कढईचे तेल हॉटेलांकडून मोजून घ्यावे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना, प्रवासातल्या बाळांना डायपर लागणारच, त्यांच्यासाठी ती भट्टी असावी. घरी आपण विष्ठा संडासात टाकू, डायपर गुंडाळून लाल ठिपका काढू. आणि ज्या अंगणात पारा उन्हाळ्यात 46 अंश ओलांडतो, तिथे बाळुती तासाभरात खडखडीत वाळतात. दिवसा बांधलेले प्रत्येक बाळुते म्हणजे भट्टीत तेल जाळून उडवावे न लागलेले पाणी. ते पाणी इथले ऊन फुकट उडवते.