फ्री डिशवर तुमच्या बॉक्सला न दिसणारी चॅनेल्स

शेजारच्या फ्री डिशवर जास्त चॅनेल्स लागतात, आपल्याकडे का नाहीत? बहुतेक वेळा छत्रीत काही दोष नसतो, फरक बॉक्समध्ये असतो.

डीडी फ्री डिश डिसेंबर 2004 मध्ये सुरू झाली तेव्हा सगळी चॅनेल्स एमपेग-2 या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत होती. आता जीसॅट-15 वरून एमपेग-2 आणि एमपेग-4 अशी दोन्ही प्रकारची चॅनेल्स येतात. जुना बॉक्स फक्त पहिली उलगडतो, एमपेग-4 बॉक्स दोन्ही. उपग्रहावरची जागा मोजकीच. एमपेग-4 त्याच दर्जाचं चित्र साधारण निम्म्या डेटात बसवतं, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त चॅनेल्स मावतात.

मग सगळं एकदम का बदलत नाहीत? कारण जुने बॉक्स अजून असंख्य घरांत आहेत. जर्मनीने अँटेनावरच्या टीव्हीसाठी 29 मार्च 2017 ला मोठ्या शहरांत थेट एचईव्हीसी ही एमपेग-4 च्याही पुढची पद्धत आणली. तिथले जुने रिसीव्हर त्या दिवशी निकामी झाले. आपल्याकडे महिन्याचं भाडं न परवडणारी घरं फ्री डिशवर आहेत, त्यामुळे हळूहळू जाणंच मला योग्य वाटतं.

नवा बॉक्स घेताना मात्र एमपेग-4 चाच घ्या आणि लावल्यावर चॅनेल्स पुन्हा स्कॅन करा. छत्री तीच चालते.