कोमिनो : दिवसभराची बोटसहल

माल्टा आणि गोझो यांच्यामधलं कोमिनो बेट जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचं. सगळे येतात ते ब्लू लगूनमध्ये पोहायला. चुनखडीच्या खडकांमधलं हे उथळ पाणी, तळाशी पांढरी वाळू; म्हणूनच त्याला तो फिरोजी रंग. दिवसभराच्या बोटी माल्टातल्या स्लिमाहून निघतात. तिथल्याच चिर्केव्वा बंदराहून निघालात, तर अंतर बरंच कमी. गर्दी इतकी वाढली, की 2025 पासून इथे उतरण्यासाठी आधी मोफत ऑनलाइन नोंदणी सक्तीची झाली. हा निर्णय योग्यच होता. सावली जवळजवळ नाही, त्यामुळे टोपी आणि पाणी हवंच. पोहून झाल्यावर 1618 मध्ये बांधलेल्या सेंट मेरी बुरुजापर्यंत जरूर चालत जा. आणि कचरा बोटीतून परत न्या.